अर्ज विचाराधीन: तुर्कस्तान, युरोपीय संघ आणि सोलापूरचा टॉवेल

युरोपीय संघात टेरी टॉवेल पाठवायचा तर मूळ आयात शुल्क १२ टक्के. विकसनशील देशांच्या सवलत योजनेत भारतीय टॉवेलला ते साडेनऊ टक्क्यांच्या आसपास पडत आलं. पाकिस्तानी टॉवेलला २०१४ पासून शून्य, बांगलादेशी टॉवेलला त्याच्याही आधीपासून शून्य. तुर्की टॉवेलला १९९६ पासून शून्य. पाकिस्तान-बांगलादेशचं कारण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कुठलाही निर्यातदार हातातला चहा संपायच्या आत सांगतो: युरोपने दिलेली एकतर्फी सवलत. तुर्कस्तानचं विचारलं की मात्र गाडी अडते. तो देश सवलतीच्या रांगेतून आलेला नाही. पुढेमागे सभासद व्हायचाच आहे, या हिशेबाने त्याच्यापुरती जकात आधी उठवली गेली. सभासदत्वाचा निर्णय राहिला तो राहिलाच.

वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला मी हे प्रकरण घेते. वर्गातली बरीच मुलं शहराच्या पूर्व भागातली, घरात नाही तर शेजारी माग चालतोच. एखाद्या देशाला प्रादेशिक संघात घ्यावं की नाही यावर लोकांमध्ये वाद कसा पेटतो, सरकारं त्या वादाचं काय करतात आणि खर्च कोणाच्या नावे पडतो, हे पाहायला यापेक्षा भरगच्च उदाहरण मला सापडलेलं नाही. क्रोएशियाचं प्रकरण सुटसुटीत आहे, पण त्यावर तासभर बोलता येत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. तुर्कस्तानचं सभासदत्व अटी पूर्ण न झाल्यामुळे अडलं, हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की ‘हो’ म्हणणं युरोपच्या सरकारांना परवडणारं नव्हतं, ‘नाही’ म्हणणंही परवडणारं नव्हतं, आणि ‘बघू’ म्हणण्यात सगळ्यांचीच सोय होती. पुढे पुढे तर अंकाराचीही, म्हणजे तुर्की सरकारचीही.

अर्जाची कुळकथा

जुलै १९५९मध्ये, ग्रीसच्या पाठोपाठ, तुर्कस्तानने तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायाकडे संलग्न होण्याचा अर्ज दिला. १२ सप्टेंबर १९६३ रोजी अंकारा करार झाला. त्याच्या २८व्या कलमात असं ठरलं की तुर्कस्तान सगळ्या जबाबदाऱ्या पेलू शकेल अशी स्थिती आली की त्याच्या प्रवेशाची शक्यता दोन्ही बाजू तपासतील. ‘शक्यता तपासतील’, ‘प्रवेश देतील’ नव्हे. सह्यांच्या वेळी समुदायाचा कारभार पाहणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष वॉल्टर हॉलस्टाइन यांनी तुर्कस्तान युरोपचा भाग आहे असं जाहीरपणे म्हटलं. चाळीस वर्षांनंतर वाद रंगला तेव्हा अंकाराचे मुत्सद्दी हे वाक्य खिशात घेऊनच फिरत.

त्या काळात युरोपला तुर्कस्तान हवाच होता. शीतयुद्ध चालू होतं, तुर्कस्तान १९५२पासून नाटोत होता आणि सोव्हिएत सीमेवर होता. त्याच सुमाराला, ऑक्टोबर १९६१मध्ये, पश्चिम जर्मनीने तुर्की कामगार आणण्याचा करार केला. हे कामगार दोन-चार वर्षं काम करून परत जातील अशी समजूत होती. ते राहिले, त्यांची मुलंबाळं तिथेच वाढली. जर्मनीत पुढे ‘तुर्कस्तानला घ्यावं का’ हा वाद झाला तेव्हा तो अर्धाअधिक या शेजाऱ्यांबद्दलचाच होता, नकाशावरच्या देशाबद्दलचा कमी.

पूर्ण सभासदत्वाचा अर्ज १४ एप्रिल १९८७ रोजी तुर्गुत ओझाल यांच्या सरकारने दिला. त्याच वर्षी मोरोक्कोनेही अर्ज दिला होता. मोरोक्कोला सांगण्यात आलं: तुम्ही युरोपीय देश नाही. तुर्कस्तानला असं सांगितलं नाही. १९८९च्या अखेरीस आयोगाचं मत आलं त्यात पात्रता नाकारलेली नव्हती; अर्थव्यवस्था, मानवी हक्क, सायप्रस आणि संघाची स्वतःची कामं पाहता आत्ताच वाटाघाटी नकोत, एवढंच होतं. इथे मी मुलांना थांबवते. कायद्याच्या कागदावर भूगोलाचा प्रश्न या दोन उत्तरांमध्येच निकाली निघाला होता. तरी पुढची वीस वर्षं वर्तमानपत्रांतून, प्रचारसभांतून लोक भांडले ते प्रामुख्याने भूगोलावर. फाइल एका दिशेने चालली होती आणि चौक दुसऱ्या दिशेने.

मग १९९६चा जकात संघ आला: आपसांत जकात नाही, बाहेरच्या मालावर दोघांची जकात सारखी. टॉवेलची गोष्ट इथेच सुरू होते, तिच्याकडे शेवटी येते.

डिसेंबर १९९७मध्ये लक्झेंबर्गच्या बैठकीत पूर्व युरोपातले देश आणि सायप्रस पुढच्या यादीत आले, तुर्कस्तान वगळला गेला. अंकारा चिडलं, राजकीय चर्चाच थांबली. दोन वर्षांनी हेलसिंकीत त्याला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. मधल्या काळात काय बदललं, तर ऑगस्ट १९९९मध्ये इझमितला प्रचंड भूकंप झाला, ग्रीक मदतपथकं तिथे पोचली. तीन आठवड्यांत अथेन्सला धक्का बसला, तेव्हा तुर्की पथकं गेली. किल्लारीनंतर सोलापुरातून किती गाड्या गेल्या होत्या हे ज्यांना आठवतं, त्यांना या हालचालीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पण नुसत्या भूकंपाने नकाराधिकार सुटत नाहीत. ग्रीसने आपला विरोध मागे घेतला तो एका अटीवर, आणि त्या अटीनेच पुढे सगळं अडवलं.

चौकातले मुद्दे

२००२ ते २००५ ही या वादाची भर उन्हाळ्याची वर्षं. नोव्हेंबर २००२मध्ये फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष व्हालेरी जिस्कार द’एस्तां यांनी एका मुलाखतीत म्हटलं की तुर्कस्तानचा प्रवेश म्हणजे युरोपचा शेवट. तेव्हा ते युरोपच्या राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या परिषदेचे अध्यक्ष होते, त्यामुळे ते एका सेवानिवृत्त पुढाऱ्याचं मत म्हणून सोडून देता आलं नाही. त्यांचा युक्तिवाद असा की राजधानी युरोपात नाही, पंच्याण्णव टक्के लोक युरोपबाहेर राहतात. आता नकाशा उघडून सायप्रसची राजधानी निकोसिया पाहा. ती अंकाराच्याही किंचित पूर्वेला आहे. सायप्रसच्या युरोपीयपणाबद्दल कोणी शंका काढली नाही. मुद्दा रेखांशाचा नव्हता, धर्माचा होता. तसं उघड म्हणणारेही पुष्कळ होते, आणि मला त्यांचा प्रामाणिकपणा आडून बोलणाऱ्यांपेक्षा बरा वाटतो. ऑस्ट्रियात तर १६८३च्या व्हिएन्नाच्या वेढ्याचा दाखला कालच्यासारखा दिला जायचा.

लोकसंख्येचा मुद्दा जास्त ठोस होता. त्या वेळी तुर्कस्तान साधारण सात कोटींचा, जर्मनी सव्वाआठ कोटींचा. आज तुर्कस्तान साडेआठ कोटींच्या घरात जाऊन जर्मनीच्या पुढे गेला आहे. संघाच्या मंत्रिपरिषदेत आता बहुतेक निर्णयांना ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या लागते. म्हणजे सगळ्यात नवा सभासद आल्या दिवशीच सगळ्यात वजनदार मत घेऊन बसला असता. संसदेत एका देशाला जास्तीत जास्त ९६ जागा. तिथेही तो जर्मनीच्या बरोबरीला आला असता. हे भय नुसतं पूर्वग्रहाचं म्हणून झटकता येत नाही. माल्टासारखा छोटा देश आत आला म्हणून पॅरिसचं वजन घटत नाही. तुर्कस्तान आल्यावर घटलंच असतं.

पैशाचा मुद्दा शेतीतून येई. संघाच्या अर्थसंकल्पाचा मोठा वाटा, तेव्हा अर्ध्याच्या जवळपास, शेती अनुदानात जायचा. आणि तुर्कस्तानात काम करणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश माणसं शेतीत होती. ऊस आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात वाढलेल्या मुलांना हे गणित फळ्यावर मांडावं लागत नाही.

आणि मानवी हक्क. तुर्कस्तानने या काळात मनापासून बदल केले, हे विरोधकही मान्य करत. फाशीची शिक्षा आधी २००२मध्ये शांतताकाळापुरती आणि मग २००४मध्ये पूर्ण रद्द झाली, कुर्दी भाषेतल्या प्रसारणावरची बंदी सैल झाली, राजकारणावरची लष्कराची पकड ढिली करणारे कायदे झाले. दुसरीकडे राष्ट्राच्या अपमानाचं ३०१वं कलम राहिलंच. त्याच कलमाखाली शिक्षा झालेले आर्मेनियन वंशाचे पत्रकार हरान्त दिंक यांची जानेवारी २००७मध्ये इस्तंबूलच्या रस्त्यात हत्या झाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. सभासदत्वाच्या बाजूचे म्हणत की दार उघडं ठेवलं म्हणूनच सुधारणा होताहेत; विरोधक म्हणत की दार उघडताच त्या थांबतील. आपापल्या परीने दोघांनाही पुरावा सापडत होता.

सायप्रस: ज्या गाठीवर सगळं अडलं

आता हेलसिंकीची ती अट. सायप्रस बेट १९७४पासून दुभंगलेलं होतं: दक्षिणेला आंतरराष्ट्रीय मान्यता असलेलं ग्रीक सायप्रियटांचं प्रजासत्ताक, उत्तरेला फक्त तुर्कस्तानने मान्य केलेलं तुर्की सायप्रियटांचं राज्य. बेटाचं एकीकरण झालं तर चांगलंच, पण ते सायप्रसच्या प्रवेशाची पूर्वअट नसेल, असं हेलसिंकीत लिहून घेतलं गेलं. ते नाकारलं असतं तर पोलंड-हंगेरीसह संपूर्ण पूर्वेचा विस्तार अडवण्याची ताकद ग्रीसकडे होती, आणि ती वापरण्याची भाषाही त्याने केली होती.

२४ एप्रिल २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान योजनेवर, म्हणजे बेट पुन्हा एक करण्याच्या आराखड्यावर, बेटाच्या दोन्ही भागांत एकाच दिवशी सार्वमत झालं. उत्तरेत सुमारे ६५ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. दक्षिणेत सुमारे ७६ टक्क्यांनी ‘नाही’. आठवडाभरात, १ मे रोजी, ‘नाही’ म्हणणारी बाजू युरोपीय संघाची सभासद झाली. ‘हो’ म्हणणारी बाहेर राहिली.

दक्षिणेतल्या मतदारांना मी दोष देत नाही. योजनेत तुर्की सैन्याचं काय, निर्वासितांच्या मालमत्तेचं काय, याबद्दल त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण प्रवेश आधीच पक्का झाला असेल तर तडजोड का करायची? ज्या आमिषाने करार घडवायचा ते संघाने आधीच वाटून टाकलं होतं. आणि आत आलेल्या सायप्रसच्या हातात आता तुर्कस्तानच्या प्रत्येक पावलावर नकाराधिकार होता. या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक कोणती असं मला विचारलं, तर मी अंकाराच्या कुठल्याही कृतीआधी १९९९चा हा परिच्छेद दाखवीन.

त्याचा हिशेब २००६मध्ये आला. जकात संघ नव्या सभासदांनाही लागू करायचा, म्हणजे सायप्रसच्या जहाजांना तुर्की बंदरं उघडायची. तुर्कस्तानने नकार दिला: उत्तर सायप्रसवरची व्यापारबंदी उठवण्याचं आश्वासन तुम्ही पाळलं नाही, आम्ही बंदरं का उघडू? प्रवेशाच्या वाटाघाटी विषयवार पाडलेल्या ‘प्रकरणां’त होतात; संघाने डिसेंबरात त्यांतली आठ गोठवली आणि तोडगा निघेपर्यंत कुठलंच प्रकरण बंद करायचं नाही असं ठरवलं.

सत्तर कुलपं

वाटाघाटी सुरू झाल्या ३ ऑक्टोबर २००५ रोजी, लक्झेंबर्गमध्ये, मध्यरात्र उलटून गेल्यावर. ऑस्ट्रिया शेवटपर्यंत अडून बसला होता. त्याला तुर्कस्तानसाठी पूर्ण सभासदत्वाखेरीज दुसरा पर्याय कागदावर हवा होता. तो मिळाला नाही, पण तो ज्याची बाजू घेत होता तो क्रोएशिया त्याच रात्री वाटाघाटीच्या टेबलाशी आला. क्रोएशिया १ जुलै २०१३ रोजी सभासद झाला.

तुर्कस्तानच्या वाटाघाटींच्या चौकटीत एक वाक्य घातलं गेलं: ही प्रक्रिया खुली आहे, निष्पत्तीची आगाऊ हमी देता येत नाही. माणसांच्या ये-जा करण्यावर कायमस्वरूपी निर्बंध ठेवता येतील अशीही सोय त्यात होती. म्हणजे सभासद झालाच तरी उणा सभासद. आधीच्या कुठल्याही उमेदवाराला इतकं स्पष्ट कोणी ऐकवलं नव्हतं.

एकूण प्रकरणं ३५. प्रत्येक उघडायला सर्व सभासदांची एकमुखी संमती, बंद करायलाही. म्हणजे एका मतावर अडू शकतील अशा सत्तरेक जागा. सायप्रसमुळे आठ गोठली होतीच, फ्रान्सने राष्ट्राध्यक्ष सार्कोझींच्या काळात पाच रोखली, २००९मध्ये सायप्रसने स्वतःहून आणखी सहा. आजवर १६ उघडली गेली आहेत आणि बंद झालं आहे एकच, विज्ञान आणि संशोधनाचं, जून २००६मध्ये. त्यात भांडण्यासारखं फारसं काही नव्हतं.

याच काळात लोकमत थेट प्रक्रियेत शिरलं. मे २००५च्या अखेरीस फ्रान्सने आणि तीनच दिवसांनी नेदरलँड्सने युरोपची राज्यघटना सार्वमतात फेटाळली. तुर्कस्तान मतपत्रिकेवर नव्हता, पण प्रचारात होता. फ्रान्सने तर त्याआधीच आपल्या संविधानात नव्या देशाच्या प्रवेशासाठी सार्वमत बंधनकारक करून ठेवलं होतं. २००८मध्ये त्याला पळवाट केली: संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तीन पंचमांश बहुमताने ठरवलं तर सार्वमत टाळता येतं. जर्मनीत अँजेला मर्केल यांचा पक्ष सभासदत्वाऐवजी ‘विशेष भागीदारी’ म्हणत राहिला, पण त्यांच्या सरकारने वाटाघाटी मोडल्या नाहीत. जोडायचं नाही, मोडायचंही नाही.

मग तुर्कस्तान बदलला. १५ जुलै २०१६च्या फसलेल्या उठावानंतर आणीबाणी आली, लाखाहून अधिक सरकारी कर्मचारी कामावरून काढले गेले, पत्रकार तुरुंगात गेले. २०१७च्या सार्वमताने राष्ट्राध्यक्षांच्या हाती सत्ता एकवटली. जून २०१८मध्ये सदस्य देशांनी लिहून टाकलं की वाटाघाटी जवळजवळ थांबलेल्या आहेत. थांबलेल्या, रद्द नाही. त्याचं एक कारण मार्च २०१६च्या समझोत्यात आहे: सीरियन निर्वासितांना आपल्याकडे ठेवून घेण्यासाठी तुर्कस्तानला एकूण सहा अब्ज युरो कबूल झाले होते. ज्याच्यावर आपली वेस राखायची जबाबदारी टाकली आहे, त्याचा अर्ज कोण फेटाळील? आणि अंकारालाही हा पडून असलेला अर्ज उपयोगाचा झाला. दर निवडणुकीत ‘आपल्याला साठ वर्षं ताटकळत ठेवणारा युरोप’ दाखवता येतो.

या प्रकरणाचा एक तुकडा ब्रिटनमध्ये पडला आहे. जून २०१६च्या सार्वमतात बाहेर पडू पाहणाऱ्यांनी फलक लावले: तुर्कस्तान, लोकसंख्या ७ कोटी ६० लाख, संघात येत आहे. तेव्हा ३५पैकी एक प्रकरण बंद झालेलं होतं. पंतप्रधान कॅमेरन म्हणाले की या वेगाने तुर्कस्तान इसवी सन ३००० च्या सुमारास आत येईल. ते खरंच बोलत होते, पण सहा वर्षांपूर्वी अंकाराला जाऊन ब्रुसेल्सपर्यंतचा रस्ता बांधून देण्याची भाषा त्यांनीच केली होती. जो देश आत येतच नव्हता त्याच्या भीतीचा, जो आत होता त्याला बाहेर काढायला हातभार लागला.

युक्रेनशी तुलना मुलं दरवर्षी करतात. फेब्रुवारी २०२२चा अर्ज, जूनमध्ये उमेदवारी. तुर्कस्तानला याच टप्प्याला बारा वर्षं लागली होती. यात दुजाभाव आहेच. पण युक्रेनचं धान्य पोलंडच्या बाजारात आलं तेव्हा पोलिश शेतकऱ्यांनी सीमेवर ट्रॅक्टर आडवे लावले. सहानुभूती आणि बाजारभाव ही दोन वेगळी खाती आहेत, हे तिथेही दिसायला वेळ लागला नाही.

आपल्या बाजूने पाहिलं तर

गेल्या वर्षी हे प्रकरण वर्गात काढलं तेव्हा हवा तापलेली होती. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला. त्यामुळे निम्म्या वर्गाचं उत्तर चर्चेआधीच तयार होतं: नका घेऊ त्यांना. मागच्या बाकावरून एक जण शेजाऱ्याला म्हणाला, “अन् घेतलं काय, न घेतलं काय, बे, टॉवेलला तर त्यांचा शून्यच ना?” मला हवा होता तो प्रश्न आयता मिळाला.

जकात संघ म्हणजे काय, तर तुर्कस्तान आणि युरोपीय संघ यांच्यात कारखान्यातल्या मालावर जकात नाही, आणि बाहेरच्या जगाच्या मालावर तुर्कस्तानने युरोपच्याच दराने जकात लावायची. शेतमाल, सेवा, सरकारी खरेदी हे सगळं यातून वगळलेलं. कापडाच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा होता. तेव्हा जगभरच्या कापडावर युरोपचे कोटे होते, ते १ जानेवारी २००५ला उठले. तुर्की मालाला त्यातून १९९६मध्येच सूट मिळाली. भारतीय टॉवेल जकातही भरत होता आणि कोट्यातही अडकत होता, तेव्हा नऊ वर्षं देनिझलीचा टॉवेल दोन्हींतून मोकळा होता.

देनिझली हे नाव सोलापुरात माहीत असायला हवं. पश्चिम तुर्कस्तानातलं हे शहर टॉवेल आणि बाथरोबसाठी ओळखलं जातं. आजूबाजूच्या एजियन पट्ट्यात लांब धाग्याचा कापूस पिकतो, जवळच्या बुलदानसारख्या गावांत हातमागाची जुनी परंपरा आहे. मागावरून यंत्रमागावर आणि तिथून निर्यातीवर, हा प्रवास आपल्यासारखाच. फरक इथून पुढे. देनिझलीचा ट्रक रस्त्याने आठवड्याभरात जर्मनीत पोचतो. सोलापूरचा माल आधी न्हावाशेवाला जातो, तिथून जहाजाने महिनाभर, आणि २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालत असल्याने त्याहून जास्त. खरेदीदाराला कमी माल, लवकर आणि पुन्हा पुन्हा हवा असतो. तिथे आपण जकातीच्याही आधी हरतो. सोलापूर टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते चांगलंच आहे, पण युरोपातल्या सुपरमार्केटमध्ये टॉवेल दुकानाच्या स्वतःच्या लेबलखाली विकला जातो.

आता तुर्कस्तानला याची किंमत काय पडली? युरोपने तिसऱ्या देशाशी मुक्त व्यापार करार केला की त्या देशाचा माल युरोपमार्गे बिनजकात तुर्कस्तानात येऊ शकतो. तुर्कस्तानच्या मालाला मात्र त्या देशात वाट आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा करार करावा लागतो, आणि समोरच्याला घाई नसते. अल्जीरिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका यांच्या बाबतीत हेच झालं. करार करताना तुर्कस्तान टेबलावर नसतो, कारण तो सभासद नाही. परिणाम मात्र त्याला लागू होतो. सोलापूरच्या १९९२च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या गावांना शहराचे नियम लागले, कर लागला, पण त्याबरोबर नगरसेवक निवडायचं मतही मिळालं. तुर्कस्तानने फक्त पहिला भाग स्वीकारला. १९९५मध्ये अंकाराने सही केली ती दुसरा भाग लवकरच येईल या विश्वासावर. जकात संघ सुधारण्याचा प्रस्ताव आयोगाने डिसेंबर २०१६मध्ये मांडला; सदस्य देशांनी त्याला आजवर हिरवा कंदील दिलेला नाही.

म्हणूनच भारत-युरोप करार तुर्कस्तानसाठी साधी बातमी नाही. २००७मध्ये सुरू झालेल्या, २०१३मध्ये बंद पडलेल्या आणि २०२२मध्ये पुन्हा उघडलेल्या या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी दिल्लीत झाली. युरोपीय संसदेची मंजुरी मिळून करार अमलात आला की आपल्या कापडावरचं शुल्क जाईल. देनिझलीचा तीस वर्षांचा फायदा त्या दिवशी पुसला जाईल, आणि भारतीय माल युरोपमार्गे तुर्की बाजारातही शिरू शकेल. उलट दिशेने तुर्कस्तानला भारताशी स्वतंत्र करार करावा लागेल, आणि सध्याचे संबंध पाहता दिल्ली त्याला घाई करील असं मला वाटत नाही.

साखर पेठेतल्या एका कारखानदार काकांपुढे मी हे मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “बाई, जकात गेली की खरेदीदार ती आपल्याला ठेवू देईल व्हय? तेवढाच दर खाली मागेल.” बरोबरी मिळाली म्हणजे नफा मिळाला असं नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांचे बरेचसे माग जुने, धोटा फेकणारे. रंगणीच्या सांडपाण्याचे कागद युरोपचा खरेदीदार आता ऑर्डरच्या आधी मागतो. तुर्की कारखान्यांनी युरोपचे माल आणि पर्यावरणाचे कित्येक नियम जकात संघाच्या निमित्ताने केव्हाच अंगवळणी पाडून घेतले. सभासदत्व मिळालं नाही, पण ती शिस्त राहिली, आणि शुल्क शून्यावर आल्यानंतरच्या शर्यतीत तीच त्यांच्या उपयोगी पडेल.

परीक्षेत मी विचारलं होतं: १९९५मध्ये तुम्ही तुर्कस्तानचे व्यापारमंत्री असता तर जकात संघावर सही केली असती का? बहुतेकांनी ‘नाही’ लिहिलं आणि मताशिवाय नियम कशाला, असं कारण दिलं. एका मुलीने, जिच्या घरी आई कांड्या भरते, ‘हो’ लिहिलं. सही केली नसती तर देनिझलीच्या मागांना पुढची नऊ वर्षं कोट्यात काढावी लागली असती, आणि तोवर तो बाजार दुसऱ्या कुणी नेला असता. मात्र सहीबरोबर एक मुदत लिहून घ्यायला हवी होती, तोवर सभासदत्वाचा निर्णय झाला नाही तर तिसऱ्या देशांशी होणाऱ्या करारांत तुर्कस्तानला बसायची जागा मिळेल अशी. ती मुदत युरोपने मान्य केली असती का, यावर तिने काही लिहिलं नव्हतं. माझ्या मते केली नसती. तेव्हा युरोपचं लक्ष पूर्वेकडे लागलेलं होतं आणि कारखान्यांना बाजार हवा होता तो अंकाराला. गुण मी पूर्ण दिले.